अडुसष्ट मिलिमीटर

आमच्या दारात एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नोंदणी १९८४ची, रंग सायीचा. ज्यांचा जन्म मारुतीनंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो, ही तीच गाडी जी मुंबईत काळा-पिवळा रंग लावून टॅक्सी म्हणून धावत होती. कागदावर तिचं नाव पद्मिनी, पण अब्बांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. अब्बा स्वतः तीस वर्षं टॅक्सी चालवत होते. आधी दुसऱ्याची, पाळीवर; मग स्वतःची. १९९६ साली त्यांनी टॅक्सी सोडली आणि मिळालेल्या पैशांतून ही खासगी गाडी जुनी विकत घेतली. घरात सगळे वैतागले. आयुष्यभर गाडी चालवून कंबर गेलेला माणूस निवृत्त झाल्यावर पुन्हा गाडीच घेतो! अब्बा एवढंच म्हणाले, ‘तीस साल लोगों को घुमाया. अब तेरी अम्मी को घुमाऊँगा.’ आणि पंधरा वर्षं त्यांनी ते केलं. पुढची सीट अखंड बाकासारखी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे मध्ये काही अडत नाही. अम्मी त्या बाकावर बसायची, पानाचा डबा मांडीवर घेऊन.

२०११ साली अब्बा गेले. गाडी राहिली. २०२४ साली तिच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, हे जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माहीत आहे. पूर्वी त्याला सहाशे रुपये पडायचे, एप्रिल २०२२पासून पाच हजार झाले. पैशांचं एक वेळ ठीक, पण गाडी निळा धूर सोडत होती. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, कार्बोरेटर साफ केला की भागतं. निळा धूर म्हणजे एंजिनात ऑइल जळतंय. पिस्टन, रिंगा आणि ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो ते सिलिंडर, सगळं झिजलंय. असल्या गाडीला पीयूसी मिळत नाही आणि तिची फिटनेसही होत नाही.

धाकटा भाऊ व्यवहारी आहे. तो म्हणाला, ‘भाईजान, आता भंगारात देऊ या. सरकारची योजना आहे, प्रमाणपत्र मिळतं.’ चूक काहीच नव्हतं. जागा अडते, चालवतं कोणी नाही. पण अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकायला कमी येतं, डोळ्यांनाही कमी दिसतं. महिन्यातून एकदा मी गाडी सुरू करतो तेव्हा मात्र आतल्या खोलीतून विचारते, ‘गाडी आयी क्या?’ कोणाची गाडी, हे ती म्हणत नाही आणि आम्ही विचारत नाही. शेवटी आमच्यात ठरलं: मुदतीच्या आत गाडी पास झाली तर ठेवायची, नाही तर द्यायची. हातात अडीच महिने होते. हवे होते चार पिस्टन.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता करतो. मोजमापाशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. पण या चार पिस्टनांच्या निमित्ताने मला जी काही इतिहासाची उजळणी करावी लागली, ती तुम्हाला सांगण्याजोगी आहे असं वाटलं.

सुरुवात झाली ती पुतण्यापासून. गाडीचं नाव, इटलीतलं मूळ नाव, सगळं शोधून त्याने थेट तुरिनच्या एका दुकानातून पिस्टन मागवले. तुरिन म्हणजे फियाटचं माहेर. फोटोतली गाडी हुबेहूब आमची होती: तेच दिवे, तेच मागचे छोटे पंख, तोच चौकोनी तोंडवळा. खाली लिहिलं होतं फियाट ११००-डी. आमची पद्मिनी म्हणजे ११००-डीच, हे तर शेंबडं पोरही सांगेल. तीन आठवड्यांनी खोका आला. कस्टमची ड्यूटी भरली. मेणकागदात गुंडाळलेले चार पिस्टन, आरशासारखे. मी ते घेऊन आमच्या मिस्त्रीचाचांकडे गेलो.

चाचा सत्तरीचे आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, व्हर्निअर काढला, एक पिस्टन मोजला. मग दुसरा मोजला. मग हसले. ‘ये बहात्तर है. अपना अडसठ है.’

बहात्तर मिलिमीटर आणि अडुसष्ट मिलिमीटर. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे बोट आणि अंगठी यांच्यातला फरक, पिस्टन आत जाणारच नाही. दुकानदाराने फसवलं नव्हतं. जे लिहिलं होतं तेच त्याने पाठवलं होतं. फसवलं होतं ते इतिहासाने.

त्याचं असं आहे. दांते जाकोसा नावाचा फियाटचा एक मोठा अभियंता होता. १९३७ साली त्याच्या हाताखाली फियाटने ५०८-सी नावाची गाडी काढली. तिचं एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचं. पिस्टनचा व्यास ६८ मिलिमीटर, त्याची धाव ७५ मिलिमीटर. गाड्या बदलत गेल्या, पत्रे बदलले, एंजिनातही सुधारणा झाल्या, पण हे माप टिकून राहिलं. १९५३ साली फियाटने ११००-१०३ काढली. इटलीत तिला ‘मिलेचेंतो’ म्हणजे नुसतं ‘अकराशे’ म्हणत. १९६२ साली ११००-डी आली. तिचा सांगाडा तोच आपल्याला ओळखीचा, पण इटलीतल्या गाडीत फियाटने मोठं, १२२१ घनसेंटिमीटरचं एंजिन बसवलं. धाव तीच ७५, व्यास मात्र ७२. म्हणजे नाव अकराशे आणि पोटात बाराशे! पुढे १९६६ साली तिथे ११००-आर आली तेव्हा एंजिन पुन्हा १०८९वर आलं. आणि १९६९ साली इटलीने अकराशेचा हा सगळा वंशच बंद केला.

आपल्या पद्मिनीने काय केलं? अंग घेतलं १९६२च्या ११००-डीचं आणि काळीज ठेवलं १९३७च्या मापाचं. अडुसष्ट गुणिले पंचाहत्तर. फोटो बघून पिस्टन मागवणाऱ्याने चेहरा ओळखला होता, काळीज नव्हे.

पण मुळात हे इटालियन अंग कुर्ल्याला आलं कसं? त्यासाठी सोलापूरच्या एका माणसाकडे जावं लागतं. वालचंद हिराचंद, जन्म १८८२. बांधकाम, जहाजं, साखर, विमानं, ज्या ज्या धंद्यात इंग्रज सरकार ‘नको’ म्हणेल त्यात हात घालायचा, असा या माणसाचा स्वभाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळुरूला विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणी यांची सुरुवात त्यांनी केली. मोटारीचा कारखाना त्यांच्या डोक्यात त्याआधीपासून होता, पण सरकारने दाद दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, म्हणून १९४७पासून कुर्ल्यातून आधी बाहेर पडल्या त्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो अशा अमेरिकन नावांच्या गाड्या आणि ट्रक. फियाटशी सोयरीक त्यानंतर, पन्नाशीच्या दशकात जमली. वालचंद १९५३ साली गेले. रस्तोरस्ती दिसणारी फियाट त्यांनी पाहिलीच नाही.

पन्नाशीतल्या त्या अकराशेला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढचं तोंड खरोखरच तसं होतं, आणि पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. मराठी माणूस प्रेमाने नाव ठेवतो तेव्हाही हातचं राखत नाही. १९६४पासून ‘डिलाइट’ आली, सरळ दरवाज्यांची. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटचं नाव गळलं, काही काळ ‘प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४पासून ‘पद्मिनी’. चितोडची राणी. मला मौज वाटते ती याची की या राणीची कथा सगळ्यात आधी विस्ताराने लिहिली ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने, १५४० साली, अवधी भाषेत. म्हणजे इटालियन अंग, सोलापूरच्या माणसाचा कारखाना, अवधी काव्यातलं नाव आणि चालवणारा कोणी रत्नागिरीचा, कोणी जौनपूरचा, कोणी मंगळूरचा. पण लोकांनी म्हटलं फियाटच. सरकारी नामांतरं आपल्याकडे किती रुजतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता सुट्या भागांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. १९५० पूर्वी मुंबईत मोटारी होत्या त्या बहुतेक परदेशी. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना शिवडीला १९२८पासून होता, फोर्डचाही मुंबईत होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं, ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी नको. १९५४ साली दोन्ही कंपन्या गुंडाळून गेल्या. कंपन्या गेल्या, पण त्यांनी विकलेल्या गाड्या रस्त्यावरच होत्या! शेवरोले, फोर्ड, ब्यूइक. रातोरात पोरक्या झाल्या. आयातीवर निर्बंध, परकीय चलन नाही, आणि गाडीचा ॲक्सल तर तुटणारच.

त्या वेळी उपयोगी पडला तो युद्धाचा कचरा. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेने इथे टाकून दिलेल्या जीपा, ट्रक, एंजिनं, पेट्या लिलावात निघाल्या. त्याला बाजारात ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. अब्बांच्या तोंडी हा शब्द कायम होता. कुठलीही मजबूत वस्तू दिसली की ‘डिस्पोजल का है’ हे त्यांचं प्रशस्तिपत्र. या मालावर आणि लेथवर बसलेल्या टर्नर-फिटरवर जुन्या मोटारींचा एक अख्खा जन्म निभावला. भाग नाही मिळाला तर तुटलेला घेऊन जा, तो बघून तसाच कातून देतील. फाळणीनंतर आलेले पंजाबी आणि सिंधी व्यापारी, लोखंडी सामानातले जुने बोहरी दुकानदार आणि आमच्यासारख्या मोहल्ल्यांतले मिस्त्री, अशा तिघांनी मिळून हा बाजार उभा केला. ऑपेरा हाउसकडे नवा माल, चोर बाजारात जुना, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाडी सोलून काढलेला.

या सीएसटी रोडविषयी एक आडवळण घेतो. नवीन माणसाला वाटतं की सीएसटी म्हणजे बोरीबंदर. तसं नाही. ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. तुर्भ्यापासून अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. रूळ गेले, नाव रस्त्याला चिकटून राहिलं. आणि त्याच रस्त्याच्या कडेला पुढे मेलेल्या गाड्यांचे अवयव विकण्याचा धंदा थाटला गेला.

गॅरेजची भाषा हाही इतिहासाचाच पुरावा आहे. एंजिनातल्या प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडचा कुठलाही मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतो. हा शब्द अमेरिकेतल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज या कंपनीच्या आद्याक्षरांचा. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ती १९०९ साली काढली, पुढे ती जनरल मोटर्समध्ये गेली. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला, पण शेवरोलेच्या पोटातला हा शब्द फियाटच्या, अँबेसेडरच्या, मारुतीच्या पोटात जाऊन बसला. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘अच्छा? मेरे को लगा उर्दू है.’

पान्यांचंही तसंच. फियाट इटलीची, म्हणून तिचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. अँबेसेडर मूळची इंग्रजी मॉरिस, म्हणून तिला इंची पाने. जुन्या गॅरेजमध्ये पान्यांच्या दोन वेगळ्या पेट्या असत, आणि नवशिक्या पोराने इंची पाना फियाटच्या नटावर चालवला की नटाचे कोपरे गोल व्हायचे आणि पोराचा कानही. अब्बा म्हणायचे, ‘बराबर बसता है और बराबर है, इसमें फर्क है.’ जवळजवळ बसणारा भाग हाच सगळ्यात धोक्याचा. न बसणारा भाग परत करता येतो.

म्हणून या बाजारात एक रीत आहे. दुकानाच्या पायरीवर चढण्याआधीच आतून प्रश्न येतो, ‘सँपल लाया क्या?’ नाव सांगू नका, साल सांगू नका, जुना भाग दाखवा. कारण पद्मिनीचं साल हा भ्रम असतो. एकाच साचाच्या गाडीत वर्षानुवर्षं आतल्या आत बदल होत राहिले: आधी डायनॅमो होता, नंतर अल्टरनेटर आला, दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलला. त्यात भर म्हणजे मालकांनी आणि मिस्त्रींनी केलेले बदल. कुणी डिझेल एंजिन बसवलेलं, कुणी टॅक्सीची गिअरपेटी काढून घातलेली. आरसी बुकात एक गाडी आणि रस्त्यावर दुसरी. नमुना मात्र खोटं बोलत नाही.

या बाजाराला जिवंत ठेवलं ते टॅक्सीने. मुंबईत एके काळी साठ हजारांच्या घरात टॅक्स्या होत्या आणि त्यांत फियाटचंच राज्य. दिवसरात्र दोन पाळ्यांत चालणारी गाडी खासगी गाडीच्या कितीतरी पट झिजते. तिला दर काही महिन्यांनी क्लचप्लेट हवी, ब्रेकचे रबर हवेत, दोन-चार वर्षांनी एंजिनकाम हवं. त्यामुळे १९८३च्या डिसेंबरात मारुती आली, मध्यमवर्गाने फियाटकडे पाठ फिरवली, शतक संपताना कुर्ल्याचा कारखाना आटत गेला आणि २००१च्या सुमारास पद्मिनी बनणं थांबलं, तरी तिचे सुटे भाग मिळत राहिले. कारखाना मेला तरी बाजार टॅक्सीवाल्यांच्या खिशावर चालला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्स्या सीएनजीवर आल्या, सिलिंडरने डिकी अडवली, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. तरी एंजिन तेच, अडुसष्टचं.

मग सरकारने टॅक्सीचं वय ठरवलं. २००८ साली पंचवीस वर्षं, २०१३ साली वीस. एकदम हजारो गाड्या मोडीत निघाल्या. त्या काळात सीएसटी रोडला फियाटचे दरवाजे पत्र्याच्या भावाने मिळत, आणि आम्हाला वाटलं हे कायमच मिळणार. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं २९ ऑक्टोबर २०२३ला भरली. वर्तमानपत्रांत छान छान लेख आले, लोकांनी फोटो काढले. त्यानंतर चार-सहा महिन्यांनी मी पिस्टन शोधायला निघालो होतो! दुकानदार फियाट म्हटल्यावर मान वर करत नव्हते. एक शेठ म्हणाले, ‘टॅक्सी गेली, आता फियाटचा माल ठेवून मी काय लोणचं घालू?’

सीएसटी रोडला तीन दिवस गेले. तिथे पिस्टन मिळाले, पण झिजलेले, आणि प्रत्येक वेगळ्या मापाचा. याचं कारण चाचांनी समजावलं. सिलिंडर झिजला की तो कातून थोडा मोठा करतात आणि त्यात त्याच प्रमाणात मोठा पिस्टन घालतात, त्याला ओव्हरसाइझ म्हणतात. पुन्हा झिजला की पुन्हा कातायचा. असं काही वेळा करता येतं, मग भिंत पातळ होते. आमच्या गाडीचं काम अब्बांनी २००३ साली करून घेतलं होतं, तेव्हाच शेवटचं माप गाठलं होतं. आता उपाय एकच: सिलिंडरमध्ये नवे लायनर ठोकायचे आणि कातून पुन्हा कारखान्याच्या मूळ मापावर आणायचं. म्हणजे हवे होते ते स्टँडर्ड पिस्टन, सरळ अडुसष्टचे.

आणि इथे चाचांच्या डोक्यात एक प्रकाश पडला. टॅक्सीवाल्यांना स्टँडर्ड पिस्टन कधी लागलेच नाहीत. कारखान्यातून आलेले पहिले झिजले की त्यांना पुढचं मोठं माप लागायचं. मोठी मापं विकली गेली, संपली. स्टँडर्ड माप ज्या दुकानदाराने चुकून भरून ठेवलं असेल त्याच्याकडे ते अजून पडलेलं असणार. ‘मुंबई छोड,’ चाचा म्हणाले, ‘इधर का माल सब टॅक्सी खा गयी. पूना देख.’

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानांमागून दुकानं आहेत. चौथ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते. मी फडक्यात गुंडाळलेला आमचा जुना पिस्टन पुढे ठेवला. त्यांनी तो उलटा करून आतल्या बाजूला, गजनपिनच्या भोकाशी, बोट फिरवलं, काही न बोलता शिडी लावली आणि माळ्यावरून एक खोका काढला. पुठ्ठा तपकिरी पडलेला, वर छापलेलं: प्रीमियर पद्मिनी, स्टँडर्ड. मी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं. खोका उघडला. आत तीन पिस्टन होते.

‘एक कधीतरी कुणीतरी सुटा नेलेला दिसतोय,’ ते म्हणाले. ‘सेट फुटलेला आहे, म्हणून तर राहिला.’ पैसे त्यांनी खोक्यावरच्या छापील किमतीच्या हिशेबाने घ्यायला सुरुवात केली, मीच ओशाळून जास्त दिले. मग त्यांनी विचारलं, ‘गाडी कोणाची?’ वडिलांची, म्हटलं. त्यांनी रिंगांचा एक सेट वर ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

चौथा पिस्टन शेवटी सीएसटी रोडवरच मिळाला. एका खासगी पद्मिनीचं फारसं न चाललेलं एंजिन तिथे सोललं होतं. जुना, पण माप शाबूत. मला वाटलं काम झालं. चाचा म्हणाले, ‘अभी किधर? तौल बाकी है.’ चारही पिस्टन वजनाला सारखे हवेत. एक जरी काही ग्रॅमनी जड असला तर एंजिन थरथरतं आणि बेअरिंगं मार खातात. वाण्याच्या काट्यावर हे वजन होत नाही. चाचांनी शेजारच्या सराफाकडून त्याचा काटा मागून आणला, वर फुंकर मारली आणि एकेक पिस्टन ठेवला. तिघे एका वजनाचे, चौथा नऊ ग्रॅमनी जास्त. मग तो लेथवर गेला. बाहेरून हात लावायचा नाही, आतल्या कडेचं ॲल्युमिनियम कणाकणाने खरवडायचं. खरवडायचं, तोलायचं, पुन्हा खरवडायचं. दुपारी सुरू केलेलं मगरिबच्या अजानपर्यंत चाललं. सराफाचा पोरगा काटा परत न्यायला येऊन बसला होता, तोही बघत राहिला. मी आयुष्यात शब्द बरेच तोलले आहेत, इतक्या निगुतीने तोलल्याचं आठवत नाही.

एंजिन बसलं तेव्हा मुदतीला नऊ दिवस उरले होते. पहिल्या सेल्फला सुरू झालं नाही, दुसऱ्याला झालं. धाकट्याने मागे जाऊन सायलेन्सरखाली पांढरा रुमाल धरला. काही बोलला नाही, रुमाल घडी करून खिशात ठेवला. पीयूसी मिळाली. आरटीओत पाच हजार भरले, तपासणी झाली, गाडीला २०२९पर्यंत मुदत मिळाली. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी अम्मीने आतून विचारलं, ‘गाडी आयी क्या?’ या वेळी धाकटाच म्हणाला, ‘हाँ अम्मी, आयी. चलो, बैठो.’ तिला धरून खाली आणायला पंधरा मिनिटं लागली. पानाचा डबा वर राहिला म्हणून मी पुन्हा जिना चढलो. प्रीमियर रोडवरून, जिथे कारखाना होता त्या बाजूने, एक चक्कर मारली. तिथे आता उंच इमारती आहेत. अम्मी खिडकीतून काही पाहत नव्हती, तिचा हात डॅशबोर्डवर होता.

तुरिनहून आलेले बहात्तरचे चार पिस्टन परत पाठवण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त होता. एक मी घरी आणला, टेबलावर कागद दाबायला बरा पडतो. बाकीचे तीन चाचांनी मेणकागदात पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवले आहेत. मी म्हटलं, याचं काय करणार? म्हणाले, ‘रहने दो. कोई बाराशेवाला आयेगा.’